तीन नगरपालिकांचा एक प्रकल्प: आधी वीजबिल कुणाच्या नावावर ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: तुम्ही नव्याने निवडून आलेल्या नगरसेविका. सांगली जिल्ह्यात कृष्णा आणि येरळा यांच्या मधल्या पट्ट्यात तुमची नगरपालिका, आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आणखी एक नगरपालिका आणि एक नगरपंचायत. तिघींनी पैसे घालून बेदाण्याचं शीतगृह आणि ट्रक टर्मिनल उभं करावं, पोरांना गावातच काम मिळावं आणि तिघींच्या तिजोरीत भर पडावी, अशी कल्पना. कायद्यात हे बसतं का, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा की तुमचे नगराध्यक्ष म्हणतात, "आपल्या हद्दीत होणार असेल तरच बोला." त्यांना काय सांगायचं?

मी एकतीस वर्षं नगरपालिकांच्या लेखा विभागात काढली, काही साताऱ्याकडे, बरीच सांगलीकडे. त्यामुळे माझं उत्तर लेखापालाचं असेल. अभियंता किंवा नगररचनाकार वेगळं सांगेल आणि त्याचंही ऐका.

कायद्याचा भाग सोपा आहे, तो पुढे सांगतो. खरी अडचण हद्दीचीही नाही. तिघींनी मिळून एखादी वस्तू उभी केल्यावर दहाव्या वर्षी तिचा खर्च कोण उचलणार आणि तिच्यातून आलेला रुपया कुणाच्या खात्यात जाणार, हे कागदावर आलेलं नाही. ते आलेलं नाही म्हणून नगराध्यक्ष हद्दीला घट्ट धरून बसलेत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बसलो असतो. हद्दीत असलेल्या इमारतीची घरपट्टी कायद्यानं मिळते, हद्दीबाहेरच्या इमारतीसाठी मिळतं ते फक्त आश्वासन.

आपल्याकडे प्रत्येक गावात सामाईक विहीर असते. तीन भावांची, नाहीतर चार चुलत्यांची. सातबाऱ्यावर हिस्सा लिहिलेला असतो, पाण्याची पाळीही ठरलेली असते, कुणाचे दोन दिवस, कुणाचा एक. विहिरीला पाणीही असतं. तरी ती बंद पडते. का? मोटार जळाली तर रिवाइंडिंगचे पैसे कुणी द्यायचे हे ठरलेलं नसतं, आणि वीजजोडणी एकाच्या नावावर असते. तो म्हणतो, बिल माझ्या नावावर येतं, थकलं तर माझं कनेक्शन तुटतं, तुम्ही पाणी घेऊन मोकळे. विहीर खणताना कुणी भांडत नाही. भांडण मोटारीवरून आणि बिलावरून होतं.

मोठ्या प्रमाणावर हेच आपण सगळ्यांनी पाहिलंय. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांवर सरकारनं प्रचंड पैसा घातला. कालवे झाले, पंप बसले. पण कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं तर वीज लागते, आणि थकलेल्या बिलापायी पंप थांबायचे. खाली नदीला पाणी आणि वर शिवारात दुष्काळ, असं चित्र असायचं. शेवटी वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, असं ठरलं तेव्हा गाडी जरा रुळावर आली. भांडवल कुठूनतरी येतं. योजना येतात, निधी येतो, नारळ फुटतो. चालू खर्चाला मात्र कुणी नारळ फोडत नाही.

आता तुमच्या शीतगृहाबद्दल. स्पष्ट बोलतो, राग मानू नका: शीतगृहात नगरपालिकेनं पडू नये. बेदाण्याची शीतगृहं तासगाव-सांगली भागात खाजगी मंडळींनी भरपूर बांधली आहेत, आणि तो धंदा त्यांना कळतो. कुणाचा माल घ्यायचा, मालावर उचल कशी द्यायची, भाव पडले तर साठा किती दिवस धरायचा, हे सगळं व्यापाऱ्याचं डोकं आहे. आपल्याकडे दोन-तीन वर्षांनी मुख्याधिकारी बदलतात. आलेल्या नव्या साहेबाला शीतगृहाचं भाडं ठरवायला सभेची मंजुरी लागते. तोवर हंगाम संपलेला असतो.

तरी बेदाण्याचा विचार सोडू नका, कारण तुमचा मुद्दा त्यातून सगळ्यात चांगला पटवता येतो. द्राक्ष पिकतं तासगाव, पलूस, खानापूर बाजूला. वाळवायला शेड उभ्या राहतात कवठेमहांकाळ, जत या कोरड्या हवेच्या पट्ट्यात. मग माल येतो तासगावच्या नाहीतर सांगलीच्या सौद्याला. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. त्या नावात 'सांगली' असली तरी त्या मालाला चार-पाच तालुक्यांचे हात लागलेले असतात. एवढी मोठी उलाढाल, पण कुठल्याही एका नगरपालिकेला ती 'माझी' म्हणता येत नाही. मजूर एका गावात राहतो, शेड दुसऱ्या गावच्या माळावर, ट्रक तिसऱ्या गावच्या रस्त्यावर उभा, आणि व्यापारी बंगला बांधतो चौथ्याच शहरात. रस्ता खराब होतो एकाचा, घरपट्टी वाढते दुसऱ्याची.

तेव्हा एकट्या व्यापाऱ्याला किंवा एकट्या नगरपालिकेला उभं करता येत नाही, असं काय आहे, ते शोधा. माझ्या मते त्या यादीत ट्रक टर्मिनल येतं. तिथं चालकांना अंघोळ-संडासाची सोय, वजनकाटा, पार्किंग आणि दिवे हवेत. मैल्यावर आणि कचऱ्यावर प्रक्रिया हेही येतं, कारण वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावाला स्वतंत्र प्रक्रिया केंद्र चालवणं परवडत नाही. लहान उद्योगांसाठी सांडपाण्याची सोय येते. आणि अग्निशमन येतं. हे ऐकायला चमकदार नाही. पण कारखानदार जागा बघायला येतो तेव्हा पाणी किती तास, रस्ता कसा, सांडपाणी कुठे सोडायचं, आग लागली तर बंब किती वेळात पोचतो, असंच विचारतो. तुमच्या स्वागत कमानीबद्दल अजून तरी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

(कारखाना गावात येण्याची आपल्या भागातली सगळ्यात जुनी गोष्ट एका नगरपालिकेपासूनच सुरू होते. बेळगाव नगरपालिकेला नवी वसाहत काढायची होती, म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथली जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळाची जमीन आणि कर्ज दिलं, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. एकाला जे अडगळ वाटलं त्याला दुसऱ्यानं जागा दिली. पलूस भागातली माणसं आजही त्याची फळं खातात.)

आता माझा एक अनुभव. गावांची नावं घेत नाही. दोन शेजारच्या नगरपालिकांनी निम्मे-निम्मे पैसे घालून मैला उपसायची सक्शन गाडी घेतली होती. मी त्यांतल्या एका गावात लेखापाल. ठराव झाला, फोटो झाले, पेपरात बातमी आली. सोमवार ते बुधवार गाडी आमच्याकडे, गुरुवार ते शनिवार त्यांच्याकडे. पहिले पाच-सहा महिने छान गेले.

मग टायर गेले. आमचं म्हणणं, त्यांचे रस्ते खराब. त्यांचं म्हणणं, आमच्या फेऱ्या जास्त. फेऱ्यांची नोंदवही होती, पण ती चालकाजवळ, आणि चालक आमच्या आस्थापनेवर. त्यांना ती वही मान्य नव्हती. तेवढ्यात स्थानिक निधी लेखापरीक्षेचे लोक आले आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला: ही गाडी कुणाच्या मालमत्ता नोंदवहीत आहे? पाहिलं तर दोघांच्याही वहीत पूर्ण किमतीला लावलेली. आरटीओकडे नोंद एकट्या आमच्या नावावर. विम्याचा हप्ता दोघांनीही "त्यांनी भरला असेल" म्हणून भरलेला नाही. विमा नाही म्हणून गाडी रस्त्यावर काढता येईना. चौदा महिने ती आमच्या पाण्याच्या टाकीखाली उभी होती. मुलं तिच्यावर चढून पतंग काढायची.

त्यातून बाहेर पडलो ते फार साध्या रीतीनं. नव्या मुख्याधिकारी बाई आल्या. त्यांनी दुसऱ्या नगरपालिकेचे निम्मे पैसे आगाऊ फेऱ्यांच्या रूपानं परत करायचं ठरवलं. गाडी आमची एकट्याची झाली. त्यांना हवी तेव्हा फेरीमागे ठरलेला दर, तो त्यांच्या जमा रकमेतून वजा. रक्कम संपल्यावर महिन्याचं बिल. भांडण त्या दिवसापासून संपलं. मालक एक, गिऱ्हाईक दुसरा, दर कागदावर.

ही गोष्ट एवढी लांबण लावून सांगायचं कारण, सहकार्य म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात सामाईक मालकीच येते. बहुतेक वेळा तिची गरज नसते. एका नगरपालिकेनं उभं करावं आणि बाकीच्यांनी करार करून सेवा विकत घ्यावी, हे निम्म्याहून जास्त कामांना पुरतं. बंब, मैला, कचरा प्रक्रिया, प्रयोगशाळा, सगळं त्यात बसतं. बंबाचं तर आपण न लिहिता करतोच. उसाला आग लागली की शेजारच्या गावचा नाहीतर साखर कारखान्याचा बंब धावतो. फक्त तो दर आणि ती जबाबदारी कागदावर आणायची.

भांडवल इतकं मोठं असेल की एकीला झेपणारच नाही, तेव्हाच सामाईक मालकीकडे जा. ट्रक टर्मिनल कदाचित त्यात बसेल. जमीन कुणाची, किती एकर, महामार्गापासून किती लांब, यावर ते अवलंबून आहे आणि ते इथे बसून मला सांगता येणार नाही. एक सांगतो, गायरानावर डोळा ठेवू नका. सार्वजनिक वापराच्या गावजमिनींवरच्या अतिक्रमणांबद्दल २०११ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यापासून त्या वाटेनं गेलेली फाईल लवकर परत येत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे हद्दच एक करणं. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची १९९८ साली एक महानगरपालिका झाली. त्याचे फायदे आहेत, मोठ्या योजनांना पात्र होता येतं. पण मिरजेच्या चहाच्या टपरीवर बसून बघा, "सगळं सांगलीला जातं" हे वाक्य अजून ऐकू येईल. हद्द एक झाली म्हणून हिशेब एक होत नाही. तुमच्या तीन गावांमध्ये तर शेतं आणि ग्रामपंचायती आहेत, त्यामुळे तो विषयच नको.

आता पैशाचं वाटप. इथं मी जास्त थांबणार आहे, कारण तुमच्या नगराध्यक्षांचं उत्तर इथंच आहे.

समजा टर्मिनल झालं आणि त्यातून वर्षाला भाडं आणि पार्किंग मिळून ४० लाख जमा झाले. आकडा हवेतला आहे, रीत समजावी म्हणून घेतला. पहिल्यांदा चालू खर्च वजा करा: वीज, पाणी, पहारेकरी, सफाई. समजा १८ लाख. उरले २२. त्यातून ४ लाख घसारा (म्हणजे वस्तूची दरवर्षीची झीज) आणि दुरुस्ती निधीत, वेगळ्या बँक खात्यात, तिघींच्या सह्या असल्याशिवाय हात न लावता येईल असे. उरले १८. आता जिच्या हद्दीत प्रकल्प आहे तिला त्यातला एक तृतीयांश, म्हणजे ६ लाख, 'यजमान वाटा' म्हणून. कारण रस्त्यावरची वर्दळ, धूळ आणि रात्रीचे हॉर्न तिलाच सोसायचे आहेत. उरलेले १२ लाख भांडवलाच्या प्रमाणात. समजा तिघींनी ५०, ३० आणि २० टक्के घातले, तर ६ लाख, ३ लाख ६० हजार आणि २ लाख ४० हजार.

आता मजा बघा. यजमान जर २० टक्केवाली लहान नगरपंचायत असेल, तर तिला ६ आणि २ लाख ४० हजार मिळून ८ लाख ४० हजार मिळतात. आणि ५० टक्केवाल्या मोठ्या नगरपालिकेला, तिच्या हद्दीत एक वीटही न लावता, ६ लाख. हा कागद समोर ठेवला की 'आपल्या हद्दीत' हा हट्ट हट्ट राहत नाही, त्याची किंमत ठरते. मग वाद 'तिथे की इथे' असा राहत नाही, 'यजमान वाटा एक तृतीयांश की एक चतुर्थांश' असा होतो. त्यावर माणसं घासाघीस करतात आणि घासाघीस संपतेही.

प्रमाण काय ठेवायचं याला एकच बरोबर उत्तर नाही. लोकसंख्येवर ठेवलं तर मोठं गाव खूश, लहान नाराज. समान ठेवलं तर उलटं. मी भांडवलाच्या प्रमाणाकडे झुकतो, कारण ते लेखापरीक्षणात टिकतं. यजमान वाटा मात्र वेगळा दाखवायचाच. तो आत कुठेतरी लपवला की पाच वर्षांनी उकरून काढला जातो.

वाटप वाढीव उत्पन्नाचंच करायचं, आज जे उत्पन्न आहे त्याला हात लावायचा नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या पट्ट्यात १९७१ सालच्या कायद्यानं असंच केलं. व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात त्यानंतर जी वाढ होईल, तिच्या ४० टक्के भागाची सामाईक गंगाजळी, आणि तिच्यातून सगळ्या गावांना वाटप. जुनं कुणाचंच काढून घेतलं नाही म्हणून ते पचलं. आपल्याकडे असा कायदा नाही, पण तीन नगरपालिकांच्या करारात हे तत्त्व एका प्रकल्पापुरतं आणता येतं. फक्त भाषा नीट ठेवा. घरपट्टी वसूल करायचा अधिकार ज्या त्या नगरपालिकेचाच राहतो. वाटला जातो तो प्रकल्पाचा उरलेला पैसा. 'करात वाटा' असं लिहिलंत तर तो ठराव उडेल.

उडेल म्हणजे काय, तर आता कायदा. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली सभेनं केलेल्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली रोखू शकतात, आणि तुमच्या सभागृहातला विरोधी गट तिथं अर्ज घेऊन जाणारच, हे गृहीत धरा. म्हणून तिन्ही ठिकाणी ठरावाचा मजकूर शब्दशः एकच असावा. विषयपत्रिकेवर विषय स्पष्ट लिहिलेला असावा, 'ऐनवेळचे विषय' या पोत्यात नको. ठरावासोबत कराराचा मसुदा आणि वर सांगितलेला हिशेब जोडलेला असावा. कर्ज काढायचं असेल तर शासनाची परवानगी वेगळी लागते, स्थानिक संस्थांच्या कर्जाचा कायदा १९१४ पासूनचा आहे.

मोठा आधार आहे तो राज्यघटनेचा. ७४ व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या कलम २४३ झेडडी मध्ये जिल्हा नियोजन समितीला पंचायती आणि नगरपालिका यांच्या समान हिताच्या बाबी, पाण्याचं वाटप आणि पायाभूत सोयींचा एकत्रित विकास विचारात घ्यायला सांगितलंय. आपल्याकडे नियोजन समितीची बैठक म्हणजे पालकमंत्र्यांसमोर रस्त्यांच्या याद्या, असं समीकरण झालंय. पण तिघींचा एकच प्रस्ताव, तिन्ही ठरावांसह, मधल्या ग्रामपंचायतींच्या संमतीसह तिथं गेला तर त्याला नाही म्हणणं अवघड जातं. एकट्या नगरपालिकेच्या अर्जाला 'बघू' म्हणता येतं. ग्रामपंचायती विसरू नका. टर्मिनलची जागा बहुधा कुठल्या तरी ग्रामपंचायतीच्या शिवेवरच निघेल, कारण गावं वाढतात ती हद्दीच्या बाहेर, रस्त्याकडेनं.

बँकेचं कर्ज किंवा रोखे याबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. लहान नगरपालिकेला एकटीला कर्ज कोण देणार? घरपट्टीची वसुली जेमतेम, पगाराला शासनाचं सहायक अनुदान, आणि वित्त आयोगाचा पैसा बहुतांश बांधलेला. पंधराव्या आयोगानं आपल्यासारख्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच राखून ठेवला होता. म्हणजे टर्मिनलला तो चालत नाही, पण मैला आणि कचरा प्रकल्पाला चालतो. मी तुम्हाला पुढे मैल्यापासून सुरुवात करा म्हणणार आहे त्याचं हेही एक कारण. एकत्र कर्जाचं उदाहरण तामिळनाडूत आहे. २००२ मध्ये तिथल्या १३ लहान शहरांसाठी मिळून सुमारे ३० कोटींचे रोखे काढले गेले, पाणी आणि सांडपाण्याच्या कामांसाठी. एकेकटं कुणी बाजारात गेलं असतं तर दारातूनच परत आलं असतं. पण तिथं मध्ये राज्याची संस्था होती, वर हमी होती, आणि हप्ता थकला तर शहराच्या अनुदानातून कापून घ्यायची सोय होती. ती सगळी चौकट आपल्याकडे उभी राहीपर्यंत तीन गावांनी स्वतःहून कर्जाच्या फंदात पडू नये असं माझं मत आहे. दुसरा कुणी वेगळं सांगेल.

चालवायचं कुणी, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येईल. तिघींपैकी कुणीच नाही, हे उत्तर पुष्कळदा बरं असतं. महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन नगरपालिका, पण वेण्णा तलावाचं पाणी दोघींना पोचवतं ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. त्यावरही तक्रारी असतात, पण निदान एक गाव दुसऱ्याचा कॉक बंद करू शकत नाही. तुमच्या टर्मिनलला ठेकेदार नेमा, तीन वर्षांचा करार, आणि देखरेखीला तिघींचे लेखापाल. हो, लेखापाल. नगराध्यक्षांची समिती वर असू द्या, पण महिन्याला बसणारी समिती लेखापालांची ठेवा. ती माणसं भाषण करत नाहीत.

आणि करारात बाहेर पडायची वाट लिहा. एखादी नगरपालिका पाच वर्षांनी बाहेर पडली तर तिला काय मिळेल? मूल्यांकन कोण करेल? एका वर्षाची आगाऊ नोटीस, घसारा वजा करून भांडवल परत, तेही तीन हप्त्यांत, असं काहीतरी. लग्नाच्या बैठकीत फारकतीची भाषा नको असं म्हणणारे भेटतील. पण बाहेर पडायची वाट नसते म्हणूनच माणसं आत यायला घाबरतात.

सगळ्यात अवघड गोष्ट कायदा किंवा पैसा नाही, सवय आहे. आपली गावं एकेकटी फार हुशार आहेत. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांमध्ये २०२० साली कराड देशात पहिलं आलं, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी. लागोपाठ तीन वर्षं आपल्या दोन जिल्ह्यांतलंच कुणीतरी देशात पहिलं! हे थोडं नाही. पण ती स्पर्धाच अशी की गुण ज्याचे त्याला. शेजारच्याला प्रक्रिया केंद्र वापरू दिलं म्हणून गुण वाढल्याचं मी कधी ऐकलं नाही. नगराध्यक्षही थेट लोकांतून निवडून येतात, ते आपल्या गावच्या मतदाराला काय दिसेल तेच बघणार. म्हणून प्रत्येक गावाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी वाट्याला ठेवा. टर्मिनल एकीकडे, मैला केंद्र दुसरीकडे (याला यजमान वाटा जास्त द्यावा लागेल, वास आहे), आणि बंबाचं ठाणं तिसरीकडे. तीन कामं, तीन यजमान. एकाच कामासाठी तिघांना भांडत ठेवण्यापेक्षा हे सोपं.

म्हणजे तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा लावला असता. शीतगृह यादीतून काढायचं. पहिल्या वर्षी फक्त मैला आणि बंब, तेही सेवा-दराच्या करारावर, भांडवल सामाईक न करता. त्या वर्षभरात तिघींची बिलं एकमेकींना वेळेवर पोचतात का, आणि भरली जातात का, ते बघायचं. भरली गेली तर दुसऱ्या वर्षी टर्मिनलची जागा आणि हिशेब. नाही भरली गेली, तर टर्मिनल वाचलं म्हणायचं.

नगराध्यक्षांकडे जाताना नकाशा नेऊ नका. नकाशा उलगडला की नजर आधी हद्दीच्या रेषेवरच जाते. वरचा हिशेब तुमच्या खऱ्या आकड्यांवर मांडून एका पानावर न्या, आणि यजमान वाट्याची ओळ रिकामी सोडा. ती त्यांनाच भरू द्या. आणि तिघांची पहिली बैठक तुमच्याकडे नको, नगरपंचायतीच्या गावात घ्या. लहान गावाच्या दारात मोठी दोन गावं आधी आली, याचा उपयोग वाटाघाटीत होतो.

तुमच्या तीन गावांची मागच्या तीन वर्षांची घरपट्टीची मागणी आणि वसुली, आणि आस्थापना खर्च, एवढे आकडे मिळाले तर टाका. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात सापडतील, नाही सापडले तर लेखापालाला विचारा, त्याला बरं वाटेल. त्यावरून कोण किती टक्के घालू शकेल ते मी करून देतो.